आठ महिन्यांचे रस्ते, बारा महिन्यांची गावे

मृग सरून आर्द्राचा पाऊस लागला की पश्चिम विदर्भातील काळ्या मातीच्या पट्ट्यात रस्ता ही वस्तू हळूहळू नाहीशी होऊ लागते. मोठ्या गावांना जोडणारी डांबरी सडक शाबूत राहते. परंतु त्या सडकेपासून आतल्या गावापर्यंतचा, गावापासून तांड्यापर्यंतचा आणि तांड्यापासून वावरापर्यंतचा जो अखेरचा टप्पा असतो, तो पहिल्या दोनतीन मोठ्या सरींतच चिखलाचा होतो. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुका याचे ठळक उदाहरण म्हणता येईल. धावंडा नदीच्या काठी वसलेल्या दिग्रस शहरात तहसील कचेरी आहे, बाजार समिती आहे, दवाखाने आणि महाविद्यालये आहेत. तालुक्याच्या खेड्यांतून या सर्व सोयींकडे येणारे अंतर नकाशावर पाच-सात कोसांपेक्षा क्वचितच अधिक भरेल. तथापि हे अंतर उन्हाळ्यात एक असते आणि श्रावणात दुसरेच असते, ही गोष्ट नकाशा सांगत नाही आणि शासकीय तक्तेही सांगत नाहीत.

या भागातील काळी माती कपाशीला जितकी मानवते तितकीच ती रस्त्याला वैरी ठरते. अतिसूक्ष्म कणांची ही चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्यामुळे तिच्यावर टाकलेला कोणताही पातळ थर तडकतो. भेगांतून पाणी आत उतरले की खालची जमीन भार पेलण्याची शक्ती गमावून बसते. वरून पाहावे तर पृष्ठभाग तुकतुकीत व निसरडा, आणि चाक पडले की आसापर्यंत रुतलेले. बैलबंडी असो की ट्रॅक्टर, दुचाकी असो की रुग्णवाहिका, या मातीपुढे सर्वांची गती सारखीच होते. गावातून आजारी माणसाला वा अवघडलेल्या बाईला बाजेवर घालून चौघांच्या खांद्यावरून सडकेपर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून येतात आणि दर दिवाळीला विसरल्या जातात.

बर्फाच्या देशांतील रीत

अशा हंगामी कोंडीचा प्रश्न केवळ आपल्याच वाट्याला आला आहे असे नाही. ज्या देशांत हिवाळी वादळे येतात तेथे एका रात्रीत खेड्यापाड्यांचे रस्ते काचेसारखे गुळगुळीत होतात आणि दळणवळण ठप्प होते. परंतु त्या देशांनी या आपत्तीचे एका व्यवस्थेत रूपांतर केले आहे. फिनलंडसारख्या देशात प्रत्येक सार्वजनिक रस्त्याची हिवाळी देखभालीची प्रतवारी आधीच ठरलेली असते. कोणता रस्ता प्रथम मोकळा करावयाचा, कोणत्या रस्त्यावर किती तासांत यंत्र पोहोचले पाहिजे, कोठे मीठ टाकावयाचे आणि कोठे वाळू वा खडीवर भागवावयाचे, हे वादळ आल्यावर नव्हे तर वादळापूर्वी निश्चित होते.

याहून बोधप्रद गोष्ट पुढेच आहे. वसंत ऋतूत बर्फ वितळू लागले की तेथील कच्च्या रस्त्यांखालची जमीन पाण्याने संपृक्त होते आणि आपल्या काळ्या मातीप्रमाणेच दबू लागते. त्या काही आठवड्यांसाठी फिनलंड, स्वीडन आणि अमेरिकेतील मिनेसोटासारख्या राज्यांत अशा रस्त्यांवर जड वाहनांना भारमर्यादा घातली जाते. रस्ता दुबळा आहे हे शासन जाहीरपणे मान्य करते, किती दिवस दुबळा राहील याची नोंद ठेवते आणि त्या अनुरोधाने लाकूड, दूध व धान्य यांची वाहतूक आखली जाते. संपन्नतेचा भाग येथे आहेच; पण त्याहून मोठा भाग हिशेबाचा आहे. जो अडथळा दरवर्षी ठरावीक काळी येतो त्याला तेथे अपघात समजत नाहीत, वार्षिक खर्चाची एक बाब समजतात. आपल्याकडे मात्र जून ते सप्टेंबर हे चार महिने दरवर्षी अनपेक्षितपणे उगवतात.

चातुर्मासाचे जुने अर्थशास्त्र

पूर्वीच्या समाजाने या चार महिन्यांचा हिशेब आपल्या परीने मांडला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. चातुर्मासात प्रवास वर्ज्य मानणारी परंपरा आणि बौद्ध भिक्षूंचा वर्षावास यांच्या मुळाशी धर्मभावना होती तसे व्यवहारज्ञानही होते. पावसाळ्यापूर्वी धान्य, सरपण, मीठ-मिरची यांची बेगमी करावयाची, लग्ने उरकावयाची आणि मग घर आणि शेत यांपुरते जगावयाचे, असा तो क्रम होता. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दख्खनभर लदेणी करणारे बंजारा समाजाचे तांडेसुद्धा पावसाळ्यात चारापाणी पाहून मुक्काम करीत. समाज थांबत असे, कारण थांबणे परवडत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गणित बदलले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कपाशीला अभूतपूर्व मागणी आली. लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. पुढे यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी, जिला लोक प्रेमाने 'शकुंतला' म्हणू लागले, दारव्ह्यावरून धावू लागली. हे सारे मार्ग कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठी होते. स्थानकापासून मँचेस्टरपर्यंतचा मार्ग परकीय भांडवलाने बांधला. वावरापासून स्थानकापर्यंतचा मार्ग मात्र शेतकऱ्याच्या बैलांवर सोडून दिला. ज्या बंजाऱ्यांनी शतकानुशतके देशाची मालवाहतूक केली त्यांचा व्यवसाय रेल्वेने संपुष्टात आणला आणि ते माळरानांवर, बरडांवर तांडे करून स्थिरावले. देशाचे वाहतूकदार जेथे वसले तेथेच वाट नसावी, ही इतिहासाची क्रूर थट्टा म्हटली पाहिजे. दिग्रस, पुसद, महागाव या तालुक्यांतील तांड्यांना ती आजही अनुभवास येते. याच परिसरातील गहुली गावचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षे राज्याचे मुख्यमंत्री होते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्न केवळ राजकीय वजनाच्या अभावाचा नाही, हेही स्पष्ट होते.

पीक बदलले, रस्ता बदलला नाही

परंतु या प्रश्नाची आजची तीव्रता समजावयाची तर इतिहासापेक्षा पीकपद्धतीकडे पाहावे लागेल. कापूस आणि ज्वारी ही या भागाची जुनी पिके. कापसाची वेचणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होऊन पुढे दोन-तीन महिने चालते. ज्वारीही पाऊस संपल्यावरच घरी येते. तोवर पांदणी वाळलेल्या असत, बैलबंड्या बिनबोभाट चालत. म्हणजे रस्ता आठ महिन्यांचा असला तरी मालाची वाहतूक त्याच आठ महिन्यांत होत असल्याने निभावून जाई.

गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने हे वेळापत्रक उलटेपालटे केले. जूनच्या उत्तरार्धात पेरलेले हे पीक शंभर-सव्वाशे दिवसांच्या आत, म्हणजे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सोंगणीला येते. परतीचा पाऊस विदर्भातून निघून जातो तोही याच सुमारास. म्हणजे माल हाती येण्याचा आणि वाट बंद असण्याचा काळ आता एकच झाला आहे. पक्व सोयाबीन थांबत नाही. सोंगणी लांबली तर शेंगा तडकतात, गंजी भिजली तर दाणे काळे पडतात वा कोंब धरतात. मळणीयंत्र वावरापर्यंत पोहोचावे लागते आणि पोती वावरातून बाहेर यावी लागतात. दोन्ही गोष्टी पांदणीच्या दयेवर अवलंबून असतात. आधारभूत किमतीने खरेदी करताना आर्द्रतेची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारला ती १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली, यावरून ओलसर मालाचा प्रश्न किती व्यापक आहे हे ध्यानी येईल. खुल्या बाजारात तर ओल दिसताच भाव पाडला जातो.

याचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने मांडता येईल. समजा, एका पांदणीवर ४० शेतकऱ्यांची वावरे आहेत, प्रत्येकाचे तीन एकर सोयाबीन आहे आणि एकरी पाच क्विंटल उतारा पडतो. एकूण माल झाला ६०० क्विंटल. चिखलामुळे माल अडकून क्विंटलमागे ३०० रुपये भाव कमी मिळाला आणि डोक्यावरून वा जादा भाड्याने माल सडकेपर्यंत आणण्यास ५० रुपये पडले, तर एका हंगामात २ लाख १० हजार रुपयांचे नुकसान होते. दहा वर्षांत २१ लाखांचे. ही आकडेमोड केवळ गृहीतकांवर आधारलेली आहे, आणि तीत कापूस नाही, दूध-भाजीपाला नाही, बुडालेली शाळा नाही आणि वेळेवर न पोहोचलेला रुग्ण तर नाहीच नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर न बांधलेल्या रस्त्याची किंमत शून्य नसते. ती कोणीतरी देतच असतो. बांधलेल्या रस्त्याचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो, त्यावर विधिमंडळात चर्चा होते, त्याचे लेखापरीक्षण होते. न बांधलेल्या रस्त्याचा खर्च चाळीस घरांत तुकड्यातुकड्याने वाटला जातो आणि म्हणून तो कोणत्याही वहीत चढत नाही. वस्तुतः हा एक अदृश्य कर आहे आणि तो उलट्या न्यायाने आकारला जातो: सडकेपासून जो जितका दूर, जितका गरीब, तितका त्याच्यावर बोजा अधिक.

योजना झाल्या, मोजमाप चुकले

शासनांनी रस्त्यांकडे दुर्लक्षच केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. रस्तेविकास स्थानिक संस्थांच्या कुवतीपलीकडचा असून ते राष्ट्रीय हिताचे कार्य मानावे, असा विचार बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८ मध्येच मांडला होता. १९४३ साली देशातील मुख्य अभियंते जमले तेही विदर्भातच, नागपूरला. त्या परिषदेतून निघालेल्या 'नागपूर योजने'ने विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे उद्दिष्ट ठेवले. त्या काळी ते धाडसाचे होते. परंतु पाच मैल चिखलाचे की मुरमाचे, हा प्रश्न त्यात नव्हता.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याची आणि रस्त्यांची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या आणि १९७९ पासून कायद्याचे पाठबळ लाभलेल्या रोजगार हमी योजनेने लक्षावधी हातांना काम दिले, हे महाराष्ट्राला भूषणावहच आहे. तथापि या योजनेत खर्चाचा किमान साठ टक्के भाग अकुशल मजुरीवर व्हावा, असे प्रमाण ठरले होते आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यातही ६०:४० हेच प्रमाण आले. मजुराच्या दृष्टीने ते योग्यच होते. मात्र काळ्या मातीवरचा रस्ता मातीकामाने टिकत नाही. त्याला गिट्टी लागते, दुरून आणलेला मुरूम लागतो, नळकांडी लागतात. साहित्याचा वाटा जेथे अधिक हवा तेथेच तो बांधला गेला, आणि उन्हाळ्यात मजुरांनी घाम गाळून घातलेले मातीचे भराव पहिल्या पावसात ओढ्याला मिळाले. २०२१ मध्ये राज्याने 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते' योजना आखताना निरनिराळ्या निधींची सांगड घालण्याची जी तरतूद केली, तिच्यामागे हाच अनुभव होता.

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशातील ५०० व त्याहून अधिक वस्तीच्या न जोडलेल्या गावांना बारमाही रस्ता देण्याचा संकल्प केला. या योजनेने ग्रामीण भागाचा चेहरा पालटला, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. कंत्राटदाराने पाच वर्षे देखभाल करण्याची अटही स्तुत्यच. परंतु लहान तांडे, पोड आणि वाड्या पाचशेच्या चाळणीतून खाली राहिल्या. शिवाय बारमाही रस्त्याच्या व्याख्येतच पावसाळ्यातील थोड्याफार खंडाला मुभा आहे. हा खंड किती दिवसांचा पडतो हे प्रत्यक्षात मोजतो कोण? गाव एकदा 'जोडलेले' म्हणून तक्त्यात नोंदले गेले की नंतर ते ऑगस्टमध्ये तुटले तरी तक्त्यात जोडलेलेच राहते.

दोष केवळ सरकारचा नाही. गावनकाशात दुहेरी तुटक रेषेने दाखविलेला गाडीमार्ग प्रत्यक्ष जागेवर पाहावा तर कित्येक ठिकाणी एका बैलजोडीपुरताही उरलेला नाही. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दरसाल वखराचे एक-एक तास पांदणीत सरकवून ती गिळली आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने आणि १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ ने तहसीलदाराला रस्ता मोकळा करण्याचे वा देण्याचे अधिकार आहेत. पण तारखांमागून तारखा पडतात आणि शेजाऱ्याशी वैर घेण्यापेक्षा चिखल तुडविणे माणसाला सोपे वाटते. सर्वांच्या मालकीची वस्तू कोणाच्याच काळजीची नसते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

पाण्याखालचे पूल

चिखल वेळ व पैसा घेतो. पाण्याखाली गेलेला रपटा जीव घेतो. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस 'गुलाब' चक्रीवादळाचे अवशेष विदर्भ-मराठवाड्यावरून सरकले आणि अतिवृष्टी झाली. २८ सप्टेंबरच्या सकाळी नांदेडहून नागपूरकडे निघालेली राज्य परिवहनाची बस याच जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावर पुरात वाहून गेली आणि माणसे प्राणास मुकली. ही घटना कोणा आडवाटेची नव्हे, रहदारीच्या मार्गावरची होती. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला तेव्हा तर वायुसेनेकडे धाव घेण्याची वेळ आली. आडगावच्या ओढ्यांवरील ठेंगण्या रपट्यांवर रोज जी पावले अंदाजाने पडतात, त्यांची बातमी होत नाही इतकेच.

काय करता येईल

सर्वच पांदणी एका वर्षात डांबरी होणार नाहीत आणि व्हाव्यात असाही आग्रह धरण्याचे कारण नाही. साधने मर्यादित असताना क्रम महत्त्वाचा ठरतो. आणि क्रम लावण्यासाठी प्रथम मोजमाप हवे. प्रत्येक ग्रामपंचायतीने जून ते ऑक्टोबर या काळात गावचा रस्ता चारचाकी वाहनास किती दिवस बंद राहिला याची साधी नोंदवही ठेवावी आणि ती ग्रामसभेपुढे वाचावी. पर्जन्यमापकाची नोंद ठेवणाऱ्या राज्याला हे अवघड नाही. गाव जोडलेले आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर 'होय' वा 'नाही' असे न देता '३६५ पैकी ३१० दिवस' असे दिले जाऊ लागले, की निधी कोठे जावा याचा वाद अर्धाअधिक मिटेल. अंदाजपत्रकांची तुलनाही मग न्याय्य होईल, कारण बंद दिवसांचे नुकसान दुसऱ्या पारड्यात टाकता येईल.

दुसरे असे की, पृष्ठभागाआधी पाण्याचा निचरा पाहिला पाहिजे. काळ्या मातीत रस्ता वाहनांपेक्षा पाण्याने अधिक मरतो. भराव उंच, दोन्ही बाजूंना उतार, खोल नाल्या आणि पुरेशी नळकांडी असतील तर मुरूम-गिट्टीचा साधा रस्ताही पावसाळा काढतो. ती नसतील तर डांबरही टिकत नाही. मात्र नाल्या दर मे महिन्यात उपसाव्या लागतात. नव्या रस्त्याचे भूमिपूजन होते, जुन्या नालीचे होत नाही, म्हणून देखभालीचा निधी वेगळा व अस्पर्श्य ठेवणे अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट, मोकळ्या केलेल्या पांदणीची नोंद सातबाऱ्यावर येणे. राज्य शासनाने २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद इतर हक्कांत घेण्याच्या दिशेने पाऊल टाकले आहे. ते कागदावरच न राहता मोजणीचे दगड प्रत्यक्ष जागेवर रोवले गेले, तरच त्याचा उपयोग.

चौथी आणि कदाचित सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे बंद दिवसांची पूर्वतयारी. प्रत्येक ठेंगण्या पुलावर पाण्याची खोली दाखविणारा लाल खुणेचा खांब आणि खुणेवर पाणी येताच पाडावयाचा अडसर, एवढ्याने अनेक जीव वाचतील. मेळघाट, भामरागड येथील संपर्क तुटणाऱ्या गावांना पावसाळ्यापूर्वीच धान्य पोहोचविण्याची पद्धत आहे; गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत प्रसूतीच्या काही दिवस आधी गर्भवतीला आरोग्य केंद्राजवळ ठेवून घेणारी 'माहेरघर' योजना आहे. ज्या गावांची नोंदवही पंधरा-वीस दिवसांहून अधिक बंद दिवस दाखवील, त्या गावांना, मग ती आदिवासी क्षेत्रात मोडोत वा न मोडोत, याच सोयी का मिळू नयेत? जुन्या समाजाच्या बेगमीचेच हे आधुनिक रूप होय.

खेडी ओस पडत चालली असताना एवढा खर्च कशासाठी, असा एक आक्षेप घेतला जातो. परंतु तरुण खेडे सोडतात त्याची जी कारणे आहेत त्यांतच ही वाट आहे. शिकलेली मुलगी ज्या गावात द्यायला आईबाप कचरतात, ते गाव बहुधा पावसाळ्यात तुटणारे असते. समाज आता चातुर्मासात थांबू शकत नाही. त्याचे दूध रोज निघते, मुले रोज शाळेत जातात, आजारपण नक्षत्र पाहून येत नाही आणि सोयाबीन तर ऐन ओलीतच घरी आणावे लागते. जगणे बारा महिन्यांचे झाले असेल, तर रस्त्याची परीक्षाही एप्रिलच्या उन्हात न घेता ऑगस्टच्या पावसात घ्यावयास हवी. दिग्रसच्या कचेरीतून तालुक्याच्या रस्त्यांची पाहणी एकदा त्या महिन्यात निघावी आणि अधिकाऱ्यांची गाडी जेथे रुतेल तेथून पुढच्या वर्षीच्या कामाची आखणी सुरू व्हावी. प्राधान्यक्रम ठरविण्याची याहून प्रामाणिक पद्धत दुसरी नाही.